पाइपच्या नळीला ब्लीच नको

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या घरगुती वस्तूंच्या निगेविषयी जे टिपण प्रसिद्ध झाले, त्यात तंबाखू ओढण्याच्या जुन्या पाइपांवर एक परिच्छेद आहे. पाइपची काळी नळी पिवळट-तपकिरी पडली असेल तर ती रात्रभर कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवून ठेवावी, सकाळी लिंबाच्या पाण्यातून काढावी आणि वरून खोबरेल तेल चोळावे, असा सल्ला त्यात दिला आहे. यांतली एकही गोष्ट नळीच्या हिताची नाही, आणि पहिल्या दोन एकापाठोपाठ केल्या तर करणाऱ्याच्याही हिताच्या नाहीत. नोकरीच्या निमित्ताने माझा रबराच्या मालाशी दीर्घकाळ संबंध आला आणि निवृत्तीनंतर जुनी शाईची पेने व पाइप नीट करून देण्याचा छंद जडला, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे. तंबाखूचा पुरस्कार करण्याचा हेतू नाही. मी ओढत नाही आणि माझ्याकडे पाइप घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेक जणही ओढत नाहीत. लष्करात, रेल्वेत किंवा बंदरावर नोकरी केलेल्या आजोबांचा पाइप कपाटाच्या तळाशी सापडलेला असतो. तो टाकवत नाही, आणि त्याची ती कळा पाहून बाहेर मांडूनही ठेववत नाही, एवढीच त्यांची अडचण असते.

ही नळी प्लास्टिकची नसते, हे आधी सांगितले पाहिजे. स्थिर विद्युत शिकताना लोकरीवर घासून कागदाचे कपटे उचलणारा एबोनाइटचा दांडा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाहिला असेल, निदान पुस्तकात तरी वाचला असेल. जुन्या पाइपची नळी त्याच एबोनाइटची असते. इंग्रज व्यापारी त्याला व्हल्कनाइट असेही म्हणत. रबर गंधकाबरोबर तापवले की ते उन्हाळ्यात चिकटत नाही आणि थंडीत तडकत नाही, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये उमगले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक यांनी त्याच प्रक्रियेचे पेटंट 1843 मध्ये मागितले, गुडइयर यांना अमेरिकेतले पेटंट 1844 मध्ये मिळाले, आणि पुढे त्यावरून कोर्टकचेऱ्याही झाल्या. गंधकाचे प्रमाण शेकडा दोन-तीन राहिले तर लवचीक रबर मिळते. तेच शेकडा तीसच्या आसपास नेऊन मिश्रण दीर्घकाळ तापवले तर काळा, टणक आणि पॉलिश घेणारा पदार्थ तयार होतो. या कडक रबराचे पेटंट चार्ल्स यांचे धाकटे बंधू नेल्सन यांनी 1851 मध्ये घेतले आणि त्याच वर्षी लंडनच्या भव्य प्रदर्शनात चार्ल्स यांनी या पदार्थाच्या वस्तूंचे एक दालनच उभे केले.

पाइप बनवणाऱ्यांना हा पदार्थ न आवडता तरच नवल. तोपर्यंत नळीसाठी शिंग, हाड आणि परवडत असेल त्याला अंबर (अश्मीभूत राळ), एवढेच पर्याय होते. शिंगाचे पापुद्रे सुटतात आणि अंबर दातांखाली तडकते. एबोनाइट मात्र लेथवर कातता येते, कानशीने घासता येते, तापवून वाकवता येते आणि दातांना बोचत नाही. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातले सेंट-क्लोद हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रायर नावाच्या मुळाच्या गाठीपासून पाइप कोरण्याचे मोठे केंद्र झाले, आणि ब्रायरचा बाउल (तंबाखू भरायची वाटी) व एबोनाइटची नळी ही जोडी पुढे जगभर रूढ झाली. जर्मनीत हॅम्बुर्गला 1871 मध्ये कडक रबराच्या वस्तू बनवणारी न्यूयॉर्क-हॅम्बुर्गर ही कंपनी सुरू झाली. तिचे केसांचे कंगवे प्रसिद्ध आहेत, तरी पाइपच्या नळ्या आणि पेने यांच्यासाठी लागणारे उत्तम एबोनाइटही तिथेच बनत आले. तिच्या बार्मबेक भागातल्या जुन्या इमारतीत आता श्रमाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे, आणि ज्या पदार्थाची जपणूक करताना संग्रहालयांच्या नाकी नऊ येतात, त्याच पदार्थाच्या कारखान्यात संग्रहालय थाटले जावे, याची मला गंमत वाटते.

नाकी नऊ येण्याचे कारण त्या गंधकातच आहे. रबराच्या लांबच लांब रेणूंना गंधक जागोजागी टाचून धरते, म्हणून एबोनाइटला टणकपणा येतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे टाके पृष्ठभागावर उसवतात, मोकळ्या झालेल्या गंधकाशी हवेतला ऑक्सिजन संयोग पावतो, आणि त्यात दमटपणाची भर पडली की नळीच्या पृष्ठभागावर सूक्ष्म प्रमाणात का होईना, गंधकाम्ल तयार होते. जुनी नळी जिभेला कडवट-आंबट लागते आणि अंगठ्याने जोरात चोळली की तिला गंधकाचा वास येतो, तो यामुळेच. विजेच्या सुरुवातीच्या काळात एबोनाइटचे विद्युतरोधक वापरणाऱ्यांनाही याच दोषाने छळले होते. उजेडात ठेवलेल्या एबोनाइटच्या पृष्ठभागावर हे आम्ल साचले की त्यावरून वीज झिरपू लागे. आम्लाबरोबरच पृष्ठभागाचे रबर स्वतः झिजून सच्छिद्र होते, त्यावरचा प्रकाश विखुरतो आणि काळ्याच्या जागी आधी हिरवट, मग मातकट आणि शेवटी राखाडी-पिवळी छटा दिसते. नळीचा ओठांकडचा भाग सर्वांत जास्त बिघडलेला आढळतो, कारण लाळेचा ओलावा आणि हाताळणी तिथेच अधिक असते.

आता ब्लीचचा सल्ला लोकांना का पटतो, तेही लक्षात येते. तांब्याचा तांब्या काळवंडला की चिंचेने तो लखलखतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. तिथे काळा थर आम्लात विरघळतो आणि खालचे धातूचे अंग जसेच्या तसे उघडे पडते. एबोनाइटचे तसे नाही. वरचा तपकिरी थर म्हणजे बाहेरून चढलेले कीट नव्हे, तर नळीचेच नासलेले अंग आहे. ब्लीचमधले सोडियम हायपोक्लोराइट स्वतःच जबर ऑक्सिडीकारक आहे. ज्या रासायनिक क्रियेने नळी बिघडली तीच क्रिया ते अधिक वेगाने पुढे नेते, नासलेला भाग खाऊन टाकते आणि खाता खाता चांगल्या भागातही शिरते. बाटलीतून बाहेर काढलेली नळी काळी दिसते हे खरे, पण तो काळेपणा खडबडीत, निस्तेज आणि भोकाभोकांचा असतो, आणि अशा पृष्ठभागावर पुढचा तपकिरी थर आधीपेक्षा लवकर धरतो. नळीत पितळेची कडी, चांदीचा ठिपका किंवा अ‍ॅल्युमिनियमची आतली नळी असेल तर तिचीही वाट लागते. राहिले लिंबाचे पाणी. ब्लीचमध्ये आम्ल मिसळले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात हा प्रयोग करणाऱ्याच्या फुप्फुसांना त्याची किंमत मोजावी लागते. या एका कारणासाठी तरी आपण त्या टिपणाची दुरुस्ती ठळकपणे छापावी, अशी विनंती आहे.

ब्लीचपेक्षा सौम्य म्हणून काही जण कपड्यांचे डाग काढणारी सोडियम परकार्बोनेटची पावडर पाण्यात विरघळवून त्यात नळी भिजवतात. तिच्यामुळे वरचा थर फुगून सैल होतो आणि पुढचे घासणे थोडे हलके होते. मी तिच्या विरोधात नाही, पण तिची गरजही मला फारशी वाटत नाही, कारण भिजवल्यानंतर घासण्याचे काम चुकत नाहीच.

घासण्याआधी नळी एबोनाइटचीच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. पुढच्या काळातल्या अनेक पाइपांना अ‍ॅक्रिलिकची नळी असते. ती पिवळी पडत नाही, दातांवर टकटक वाजते आणि तिला स्पिरिट चालत नाही, बारीक तडे जातात. नळी तपकिरी पडली आहे आणि चोळल्यावर गंधकाचा वास येतो आहे, एवढे कळले की दुसरा पुरावा नको. मग नळी बाउलपासून वेगळी करायची, पण पाइप नुकताच ओढलेला नसावा. गरम असताना नळी उपसली तर तिच्या टोकाची खुंटी सैल होते किंवा मोडून लाकडात अडकते. नळी सरळ न ओढता हलकेच एका बाजूला फिरवत काढावी. आतली वाट स्पिरिटमध्ये बुडवलेल्या पाइप क्लीनरने, म्हणजे तारेवर कापूस पिळलेल्या काडीने, क्लीनर पांढराच बाहेर येईपर्यंत साफ करावी. एबोनाइटला स्पिरिटचा त्रास होत नाही. बाउलच्या लाकडावरचे शेलॅकचे पॉलिश मात्र त्याने उतरते.

खरे काम पाण्यातल्या घासण्याचे. गाडीच्या रंगकामाचे सामान विकणाऱ्या दुकानात ज्याला वॉटर पेपर म्हणतात, तो पाण्यात वापरायचा सँडपेपर 600, 800, 1000 आणि 2000 नंबरचा घ्यावा (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक); 400 नंबर फक्त जाड खपली धरलेल्या नळीसाठी, आणि तोही बेताने. कागद ओला ठेवायचा, कारण पाण्यामुळे भुकटी उडत नाही, कागद भरत नाही आणि मुख्य म्हणजे नळी तापत नाही. एका नंबरने नळीच्या लांबीच्या दिशेने घासले तर पुढच्या नंबरने आडवे घासावे. आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेले की नाही, ते मग लगेच दिसते. ओली नळी नेहमीच काळी दिसते, आणि इथेच उतावळा माणूस फसतो. प्रत्येक टप्प्यानंतर ती कोरडी पुसून खिडकीच्या तिरप्या उजेडात धरावी. दाताने धरण्याच्या कडेच्या खाचेत तपकिरी किनार अजून दिसत असेल, तर पुढचा नंबर उचलू नये. चकाकी हा ओरखडे क्रमाने लहान करत नेण्याचा परिणाम आहे, आणि खालच्या नंबरावर राहिलेला तपकिरीपणा वरच्या नंबराने कधीच जात नाही, उलट अधिक चकाकत दिसतो.

पुढे मायक्रो-मेश नावाचे कापडी पॅड मिळाले तर फार उत्तम. त्यांचा 1500 पासून 12000 पर्यंतचा नऊ पॅडांचा संच असतो. त्यांच्या नंबरांची मोजपट्टी मात्र वेगळी आहे. मायक्रो-मेशचा 1500 हा वॉटर पेपरच्या 1000 पेक्षा बारीक असेल असे समजून कोणी सुरुवात केली तर झालेले काम परत खरवडले जाईल. हे पॅड नसतील तर 2000 नंबरनंतर मऊ सुती कापडावर गाडीचे रबिंग कंपाउंड अगदी थोडे घेऊन चोळले तरी बऱ्यापैकी तेज येते. त्यानंतर साबणाच्या पाण्याने नळी धुऊन काढावी. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा हेही शेवटी घासण्याचेच पदार्थ आहेत. हलक्या पिवळेपणावर ते चालतात, जुनाट थरावर त्यांनी नुसता हात दुखतो.

विजेच्या मोटरवर फिरणाऱ्या पॉलिशच्या चाकावर नळी चकाकवून घेण्याचा मोह अनेकांना होतो, आणि दागिन्यांना पॉलिश करणारे कारागीर ते दोन मिनिटांत करूनही देतात. तिथे सावध राहावे. एबोनाइट 70-80 अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते, आणि त्याला आपला मूळ आकार आठवतो. वाकडी नळी आधी सरळच बनवलेली असते, नंतर तापवून वाकवलेली असते. चाकाच्या घर्षणाने ती तापली की हळूहळू सरळ व्हायला लागते. चाक कडा गोल करते, कोरलेली अक्षरे पुसते आणि दाताने धरण्याची उंच कड सपाट करून टाकते. ज्याचा हात बसलेला आहे त्याने हळू फिरणाऱ्या सैल सुती चाकावर अवश्य करावे. इतरांनी हातच चालवावा. याच आठवणीचा एक फायदाही आहे. दातांच्या उथळ खुणा असतील तर थर काढून झाल्यावर तो भाग ज्योतीपासून पुरेसे अंतर राखून, सतत हलवत तापवावा. दबलेला भाग आपोआप वर येतो. दातांनी आरपार पडलेले भोक मात्र कोळशाची पूड आणि झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद यांनी बुजवून कानशीने सारखे करावे लागते.

सर्वांत जास्त नुकसान मी पाहिले आहे ते दोन ठिकाणी. पहिले, नळी जिथे लाकडाला भिडते ती कड. नळी सुटी धरून घासली की ही कड गोल होते, आणि मग परत जोडल्यावर लाकूड व नळी यांच्यामध्ये सावलीची एक रेघ कायमची दिसत राहते. जाड प्लास्टिकच्या झाकणातून नळीपेक्षा किंचित मोठी चकती कापावी, मधोमध खुंटीच्या मापाचे भोक पाडावे, ती खुंटीवर चढवून कडेला भिडवावी आणि मग घासावे. कागद कडेवरून घसरून खाली उतरत नाही, चकतीवर अडतो. दुसरे ठिकाण म्हणजे कारखान्याची खूण. लंडनच्या आल्फ्रेड डनहिल यांच्या पाइपांवरचा पांढरा ठिपका सर्वांना ठाऊक असतो. हाताने घडवलेली नळी गिऱ्हाइकाने उलटी बसवू नये, वरची बाजू कोणती ते कळावे, म्हणून तो आला, असे सांगतात. डब्लिनच्या पीटरसन कंपनीच्या नळीवर पी हे अक्षर असते, आणि धूर जिभेवर न येता टाळूकडे जावा म्हणून त्या कंपनीने 1898 मध्ये पेटंट घेतलेली, वरच्या बाजूला भोक असलेली खास घडणीची टोकेही असतात. बसवलेला ठिपका घासणे सहन करतो. ठशाने उमटवलेले अक्षर उथळ असते, 600 नंबरच्या कागदाचे चार हातही त्याला पुरतात. अक्षरांभोवती सुईच्या टोकाइतक्या अरुंद कागदाच्या पट्टीने काम करावे, अक्षरांवर फक्त 2000 च्या पुढचे हलके हात द्यावेत आणि तिथे थोडी तपकिरी छटा राहिली तर राहू द्यावी. अक्षरातला पांढरा रंग उडाला असेल तर तो पुन्हा भरता येतो. अक्षरच उडाले तर भरायला काही उरत नाही.

आता तेलाविषयी. खोबरेल, गोडे तेल, ऑलिव्ह तेल यांतले काहीही लावले तरी तपकिरी नळी ताबडतोब काळी दिसते, कारण तेल सच्छिद्र थरातली भोके भरते आणि प्रकाश विखुरणे थांबते. आठवड्या-पंधरवड्यात तेल खवट होते, धूळ धरते आणि खालचा थर तसाच वाढत राहतो. विक्रेत्यांना हे चांगले माहीत असते, म्हणून जुन्या बाजारात तेलाने तुकतुकीत केलेली नळी दिसली की पांढऱ्या रुमालावर ती घासून पाहावी. घासून स्वच्छ केलेल्या नळीवर मात्र औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या शुद्ध लिक्विड पॅराफिनचा अगदी पुसट हात द्यायला हरकत नाही. हे खनिज तेल खवटत नाही आणि हवा-ओलाव्याला थोडा अटकाव करते. पाइपवाल्यांमध्ये प्रसिद्ध असलेले कार्नोबा मेण लाकडावर शोभते, पण नळीवर त्याचा टिकाव कमी, आणि ओठांकडचे तर काही वापरांतच निघून जाते. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेले रेनेसाँ नावाचे सूक्ष्मस्फटिकी मेण नुसत्या मांडून ठेवायच्या पाइपला चांगले; तोंडात धरायच्या वस्तूला लावू नये.

पॉलिशविषयी इतके लिहूनही माझे मत असे आहे की एका नळीला आयुष्यात एकदाच पॉलिशची वेळ यावी. प्रत्येक वेळी तिचे अंग थोडे कमी होते, कडा थोड्या बोथट होतात, आणि तरीही पुन्हा खिडकीत ठेवली तर काही महिन्यांत पहिली हिरवट छटा परत येते. बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात पाइप मांडून ठेवणे हे सर्वांत वाईट. साध्या काचेतून अतिनील किरणांचा मोठा भाग आत येतोच. पाइप अंधारात, खणात, सुती पिशवीत असावा. रबर बँडने बांधू नये. चांदीच्या कडीचा पाइप किंवा चांदीच्या इतर वस्तू त्याच बंद डब्यात ठेवू नयेत, कारण एबोनाइटमधून सुटणाऱ्या गंधकाच्या संयुगांनी चांदी काळी पडते. मुंबई आणि कोकणातल्या वाचकांनी पावसाळ्याचे चार महिने विशेष जपावे, तिथली हवाच प्रकाशाने सुरू केलेले काम पुरे करते. सिलिका जेलची पुडी खणात टाकून ती अधूनमधून बदलावी. जे ओढतात त्यांनी ओढून झाल्यावर, पाइप थंड झाला की नळी कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. एवढ्या एका सवयीने जो फरक पडतो तो कुठल्याही बाटलीतल्या द्रव्याने पडत नाही. 

पाण्याबद्दल एक खुलासा करायला हवा, कारण वर मी पाण्यातच घासायला सांगितले आहे. वर्षानुवर्षे उजेडात राहिलेली एखादी नळी किंवा पेन वरवर काळेभोर दिसते, आणि कोमट पाण्यात धुताच डोळ्यांदेखत खाकी होते. माणसे घाबरतात, पाण्याने बिघडले म्हणतात. पाण्याने फक्त आधीच नासलेला पृष्ठभाग उघडा पडतो. जी नळी आपण घासणारच आहोत तिला पाण्याचे भय नाही. जी घासायची नाही तिला पाणी लावू नये, गरम तर मुळीच नको.

आणि काही वस्तू घासायच्याच नसतात. जुन्या शाईच्या पेनांवर यंत्राने कोरलेली बारीक लहरींची नक्षी असते. तपकिरीपणा काढायला गेले की नक्षी जाते, आणि नक्षीशिवाय त्या पेनाला कोणी विचारत नाही. आपल्याकडे एबोनाइटच्या पेनांची परंपरा अजून जिवंत आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी बनवलेले स्वदेशी पेन 1935 मध्ये वर्ध्याच्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोहोचले आणि गांधीजींनी पत्र लिहून त्याची पसंती कळवली, ही गोष्ट पेनांच्या शौकिनांना ठाऊक आहे. त्या गावात आजही हाताने कातलेली एबोनाइटची पेने मिळतात आणि महाराष्ट्रात ती हौसेने वापरली जातात. त्यांनाही उजेडाचा आणि गरम पाण्याचा हाच नियम लागू आहे. लग्नाच्या बँडमधल्या क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांनी तर अधिकच सांभाळावे. त्यांच्या वाद्याचे तोंडही बहुधा एबोनाइटचेच असते, तेही तसेच पिवळे पडते. पण त्याच्या ज्या सपाट कडांवर रीड (फुंकरीने थरथरणारी पातळ पट्टी) टेकते त्या कडा केसाएवढ्या जरी घासल्या गेल्या तरी सूर बिघडतो. तिथे बाहेरची बाजू हवी तर घासावी, रीडच्या बाजूला कागद नेऊ नये.

आपल्या टिपणानुसार ज्यांनी नळी आधीच ब्लीचमध्ये घातली असेल, त्यांनी ती लगेच बाहेर काढून नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली आतून-बाहेरून भरपूर धुवावी, लिंबू किंवा व्हिनेगर अजिबात लावू नये, एक दिवस सावलीत वाळू द्यावी, आणि मग खडबडीतपणा किती खोल गेला आहे ते पाहून 600 किंवा 800 नंबरच्या कागदाने सुरुवात करावी. पितळेची कडी किंवा ठिपका हिरवट पडला असेल तर तो याच कागदांनी नळीबरोबर साफ होतो. अ‍ॅल्युमिनियमची आतली नळी खाल्ली गेली असेल तर ती काढून टाकलेली बरी, तिच्यावाचून पाइपचे काही अडत नाही.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
पुणे